मुठीतली गाणी

सर्बिया देशाच्या पूर्व भागात नेगोतिन नावाचे एक लहानसे नगर आहे. संगीतकार स्तेवान मोक्रान्यात्स यांचा जन्म १८५६ साली तेथे झाला. खेड्यापाड्यांतील बरीच गाणी तोवर लोकांच्या केवळ ओठांवर होती. गाणारा गेला की गाणेही जायचे! मोक्रान्यात्स यांनी ती ऐकून टिपून घेतली. त्यासाठी १८९६ साली ते कोसोव्होतही हिंडले. अशी गाणी एकत्र गुंफून त्यांनी वृंदगायनासाठी पंधरा रचना केल्या. त्यांना नाव दिले ‘रुकोवेत’. रुकोवेत म्हणजे कापणी करणाऱ्याच्या मुठीत मावेल एवढी धान्याची जुडी. किती साजेसे नाव!

१९१४ साली मोक्रान्यात्स निवर्तले. १९६६ साली नेगोतिनमध्ये त्यांच्या नावाने संगीतोत्सव सुरू झाला. या उत्सवात गायकवृंदांची चढाओढ लागते आणि एके काळी एकेका कंठात असलेली गाणी शेकडो श्रोते ऐकतात.