स्टेनलेस चाकूवरचे तांबूस ठिपके

प्रश्न : खिशातल्या घडीच्या स्टेनलेस चाकूने मिठाच्या कैऱ्या कापल्यावर पात्यावर, बिजागरीजवळ तांबूस ठिपके उमटले. स्टील नकली असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. स्टेनलेस स्टील मुळीच गंजत नाही, हा समज अपुरा आहे, किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म संरक्षक थर बनतो, परंतु खारट ओल साचून राहिल्यास मिठातील क्लोराइड तो ठिकठिकाणी भेदते. शिवाय धार टिकावी म्हणून पात्यात कार्बन अधिक ठेवतात आणि तो काही क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो, त्यामुळे ताटवाट्यांच्या स्टीलपेक्षा पाते लवकर डागाळते.

ठिपके खाण्याच्या सोड्याच्या लेपाने, मऊ कापडाने, पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच पुसावेत. बोटे धारेवर येऊ देऊ नयेत. तारेची घासणी कटाक्षाने टाळावी, कारण तिचे लोहकण पात्यात रुतून स्वतःच गंजतात. पुढे प्रत्येक वापरानंतर चाकू गोड्या पाण्याने धुऊन, उघडाच ठेवून, बिजागरी पूर्ण वाळल्यावरच मिटावा. तेथे खाद्यप्रतीच्या खनिज तेलाचा एक थेंब पुरतो. सूर्यफुलाचे तेल कालांतराने चिकट होते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नये, ते ओल धरते.