वाक्प्रचार कुठल्या वाहनातून उतरला?

चि. सोनू,


नोकरीत रुळते आहेस हे वाचून बरं वाटलं. मीटिंगमधलं इंग्रजी डोक्यावरून जातं म्हणून वाक्प्रचारांची यादी पाठ करतेस, असं लिहिलंस. ते पाठांतर सोड. वाक्प्रचार कानावर पडला, की तो कुठल्या वाहनातून उतरला ते आधी शोध. अर्थ आपोआप लक्षात राहील आणि कुठे वापरायचा तेही कळेल.

शिडाच्या जहाजावर दोरखंडांचं जंजाळ असे. कुठल्या दोराने कुठलं शीड हलतं, हे नव्या खलाशाला आधी शिकावं लागे. कामाची अशी माहिती करून घेणं म्हणजे 'लर्न द रोप्स'. तू सध्या तेच करते आहेस. 'बाय अँड लार्ज'ही खलाशांचंच. वाऱ्याच्या जवळजवळ तोंडावर जाणं म्हणजे 'बाय', वारा पाठीशी घेऊन जाणं म्हणजे 'लार्ज'. दोन्ही चालींचा विचार केला की 'एकंदरीत' हा अर्थ निघतो.

रुळांवरच्या शब्दांत मात्र जपून. 'साइडट्रॅक' म्हणजे गाडी सायडिंगला गेली, ती पुन्हा मुख्य मार्गावर येऊ शकते. 'ऑफ द रेल्स' म्हणजे गाडी घसरली. चर्चा भरकटली तर पहिला शब्द खपून जाईल, दुसरा वरिष्ठांना आरोप वाटेल. बॉयलरमधला दाब वाढला की झडपेतून वाफ सोडतात, नाहीतर स्फोट होतो. तोच 'लेट ऑफ स्टीम'. सहकारी तसा मोकळा होत असेल तर ऐकून घे, वाद घालू नकोस.

'पुश द एन्व्हलप'मध्ये पाकीट शोधू नकोस. विमान किती वेगाने, किती उंचीवर सुरक्षित उडेल, या आलेखावरच्या मर्यादेला एन्व्हलप म्हणतात. चाचणी वैमानिक ती ताणून पाहतात. टॉम वुल्फच्या 'द राइट स्टफ' या १९७९ च्या पुस्तकामुळे हा प्रयोग सर्वत्र पसरला.

मात्र सांगितलेली प्रत्येक व्युत्पत्ती खरी मानू नकोस. 'ट्रेन ऑफ थॉट' आगगाडीवरून आला, असं कुणीही ठोकून देईल. पण थॉमस हॉब्जच्या 'लेव्हायथन'मध्ये विचारांची ट्रेन १६५१ मध्येच आहे, आणि वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे, स्टॉकटन-डार्लिंग्टन, सुरू झाली १८२५ साली! हॉब्जच्या काळी ट्रेन म्हणजे मागोमाग येणारी रांग. म्हणून चांगला शब्दकोश हाताशी ठेव.

ऐकताना हे सगळे कळायला हवेत, बोलताना मोजकेच पुरतात. ज्याचा अर्थ पक्का ठाऊक नाही तो तोंडी आणू नकोस. साधं, स्वच्छ इंग्रजी कुणालाही खटकत नाही.

ताईला, दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा