पावसाळी पदयात्रा : पाठीवरचा भार आणि डोईवरचे इरले

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके अगदी सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे येथे डोंगराच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि मुक्तहस्ताने बरसतात. रायगड जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरच्या वर आहे व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. नेमक्या याच काळात या भागात भाविकांची पायी ये-जा असते. खालापूर तालुक्यातील महड येथे अष्टविनायकांपैकी श्रीवरदविनायकाचे स्थान आहे. तेथे चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, भाविकांची रीघ लागते. श्रावणात कर्जत तालुक्यातील खांडस गावापासून घाट चढून श्रीक्षेत्र भीमाशंकराच्या दर्शनास जाण्याची प्रथाही जुनी आहे.

अशा यात्रेत पाऊस हा सोबती असतोच. त्याच्याशी वैर करून भागत नाही आणि त्याच्याविषयी बेफिकीर राहूनही चालत नाही. पाठीवर पिशवी घेऊन दीर्घ अंतर चालणाऱ्या यात्रेकरूने पावसापासून स्वतःचे व सामानाचे रक्षण कसे करावे, याची माहिती येथे दिली आहे.

इरल्यापासून पोंचोपर्यंत

कोकणातील शेतकऱ्याने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणावयाचा, त्यात पळसाची अथवा सागाची पाने दाटीने बसवावयाची आणि ते डोक्यावरून पाठीवर घ्यावयाचे, हे आपले इरले. ओणव्याने भातलावणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावर व पाठीवर त्याने छप्पर होते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि खालून वारा खेळता राहतो. घाटमाथ्यावरील धनगर व शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. लोकर भिजली तरी ऊब पूर्णपणे सोडत नाही, हा घोंगडीचा मोठा गुण होय. मात्र भिजलेली घोंगडी जड होते आणि लवकर वाळत नाही. पंढरीच्या वाटेवर आषाढात चालणारे वारकरी आज डोक्यावरून प्लास्टिकचा कागद पांघरून चालताना दिसतात. तेही इरल्याचेच नवे रूप आहे.

बाजारात ‘पोंचो’ या नावाने मिळणारे बिनबाह्यांचे पावसाळी वस्त्र याच कुळातील आहे. मूळ पोंचो हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोकांचे लोकरी वस्त्र होते. मध्ये डोके घालण्यापुरती फट असलेले ते एक अखंड कापड असे. इ. स. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे एकस्व घेतले. पुढे अशा कापडाचे पोंचो होऊ लागले. आजचे पोंचो बहुधा नायलॉनचे अथवा पॉलिस्टरचे असून त्यांना टोपी व बाजूंना बटणे असतात.

छत्री, रेनकोट की पोंचो?

सपाट रस्त्यावर, वारा नसता, छत्रीसारखे सुख नाही. परंतु घाटात छत्रीने एक हात अडकतो आणि वाऱ्याच्या झोताने ती उलटते. रेनकोट अंगाला चांगला बसतो, पण पाठपिशवी त्याच्या बाहेर राहते. पिशवीला वेगळे आवरण घातले तरी पाठ आणि पिशवी यांच्यामधून पाणी झिरपते, पट्टे भिजतात, आवरणाच्या तळाशी पाणी साचते व हळूहळू आतील कपड्यांपर्यंत पोहोचते. शिवाय बंद रेनकोटात चढणीवर घाम जिरत नाही. बाहेरून कोरडा दिसणारा यात्रेकरू आतून निथळत असतो.

पोंचो मनुष्य व पिशवी या दोहोंना एकाच छताखाली घेतो. पाऊस पिशवीच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. बाजू मोकळ्या असल्याने वारा खेळतो. विसाव्याला थांबल्यावर तोच पसरून बसता येते किंवा चार टोके बांधून डोक्यावर आडोसा करता येतो. त्याचे दोष दोन आहेत : तो वाऱ्याने फडफडतो आणि स्वतःची पावले स्वतःला दिसू देत नाही. हे दोन दोष ओळखून जो वापरील त्यालाच त्याचा खरा उपयोग होईल.

निवड व पूर्वतयारी

१. पोंचो घेताना पिशवी पाठीला लावूनच तो घालून पाहावा. पिशवीच्या फुगवट्याने मागची कड वर उचलली जाते आणि मांड्या व पोटऱ्या उघड्या पडतात. म्हणून मागील बाजूस वाढीव घोळ असलेला पोंचो घ्यावा. पुढची कड गुडघ्याच्या खाली नसावी.

२. रंग भगवा, पिवळा वा लाल असावा. धुक्यात व रानात माणूस दुरून दिसला पाहिजे. हिरवा, करडा व काळा हे रंग टाळावेत.

३. निघण्यापूर्वी घरी नळाखाली पोंचोची परीक्षा घ्यावी. पाणी प्रथम शिवणीतून व टोपीच्या जोडातून येते. तेथे चिकटपट्टी सुटली असेल तर ती आधीच बदलून घ्यावी.

४. केवळ पोंचोवर विसंबून राहू नये. पिशवीच्या आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी, सामान तीत भरावे व तोंड पिळून दुमडावे. पोंचो फाटला, ओढ्यात पाय घसरला, तरी कोरडे कपडे कोरडेच राहतात.

५. औषधे, भ्रमणध्वनी, पैसे, ओळखपत्र व काडेपेटी स्वतंत्र बंद पिशवीत ठेवावी. अभिषेक करावयाचा असल्यास सोवळेही असेच वेगळे बांधावे. ओल्या वस्त्राने थंडीत कुडकुडत पूजा करण्याची वेळ येत नाही.

६. एका दिवसाच्या यात्रेस पाठीवर चार ते सहा किलोंहून अधिक भार घेऊ नये. जड वस्तू पाठीलगत व मध्यभागी ठेवाव्यात. पोंचो मात्र सर्वांत वर असावा. सर आल्यावर शोधाशोध करावी लागू नये.

पोंचो घालण्याची रीत

प्रथम पिशवी पाठीला लावून पट्टे घट्ट करावेत. नंतर डोके टोपीत घालावे आणि सोबत्याने मागील घोळ पिशवीवरून खाली ओढून द्यावा. एकट्याने हे करताना घोळ पिशवीच्या कोपऱ्यात अडकतो व आपल्याला ते कळत नाही. म्हणून एकमेकांस साह्य करावे. बाजूंची बटणे लावावीत. मग कमरेभोवती, पोंचोच्या वरून, एक सुती नाडी सैलसर बांधावी. या नाडीने निम्मी फडफड थांबते. चढणीवर पुढची कड उचलून नाडीत खोचावी, म्हणजे पायरी दिसते. गळ्याभोवती मात्र कोणतीही दोरी बांधू नये. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने पाळावे.

टोपीने कान झाकले जातात व बाजूचे दिसत नाही. रस्ता ओलांडताना, ओढ्याजवळ आणि दरडीखालून जाताना टोपी मागे सारावी. वाहनाचा, वाढत्या पाण्याचा व निसटत्या दगडाचा आवाज ऐकू येणे हे डोके कोरडे राहण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

खांडसचा घाट चढताना

खांडसहून भीमाशंकरास जाणाऱ्या दोन वाटा प्रसिद्ध आहेत. गणेश घाटाची वाट लांबची परंतु सोपी आहे. तिला सुमारे पाच ते सहा तास लागतात. शिडी घाटाची वाट जवळची, पण उभ्या कड्यातून लोखंडी शिड्यांवरून जाणारी आहे. पावसाळ्यात तेथील खडक शेवाळतो. पाठीवर बोजा व अंगावर पोंचो असलेल्या यात्रेकरूने शिडी घाटाने जाऊ नये, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. शिडीवर पाय ठेवताना पोंचोची कड पावलाखाली येते, पायरी दिसत नाही आणि कड्यावरील वारा पोंचोचे शीड करून माणसास बाजूला ढकलतो. उंचावर यांपैकी एकच गोष्टही पुरेशी ठरते. धोक्याच्या काळात वनविभाग व प्रशासन अशा वाटा बंद करीत असते. म्हणून निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी आणि बंदी असल्यास ती निमूटपणे पाळावी.

भीमाशंकर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. इतके चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्यात वारा व भिजलेले सुती कपडे यांची भर पडते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे भर श्रावणातही माणूस थंडीने गारठू शकतो. जो सतत कापत आहे, ज्याची जीभ अडखळत आहे, ज्याच्या हातून वस्तू गळत आहेत, त्याला ‘थोडे चला, मंदिर आले’ असे म्हणून पुढे रेटू नये. त्याला आडोशाला घ्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, डोके झाकावे व शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय द्यावे. पिशवीतील कोरड्या कपड्यांचे मोल त्या क्षणी समजते.

ओढा गुडघ्याच्या वर व वेगाने वाहत असेल तर तो ओलांडू नये. थांबावे, पाणी उतरले नाही तर परत फिरावे. उथळ ओढा ओलांडतानाही पोंचो काढून ठेवावा, कारण वाहते पाणी त्याचा घोळ पकडते. पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती चटकन टाकता येते. वीज चमकत असता मोकळ्या पठारावर अथवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

डांबरी रस्त्याने चालताना

खोपोलीहून महडकडे जाणारे भाविक वाहनांच्या रस्त्याने चालतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांस मनाई आहे, त्या मार्गावर पाऊल ठेवू नये. इतर रस्त्यांवर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. पावसात चालकाला पादचारी उशिरा दिसतो. पोंचोच्या पुढे-मागे प्रकाश परतविणारी पट्टी चिकटवावी व पहाटे विजेरी जवळ ठेवावी.

मंदिरात पोहोचल्यावर

पोंचो सभामंडपाबाहेरच उतरवावा, झटकावा आणि ओली बाजू आत येईल असा घडी करून पिशवीत ठेवावा. दगडी फरशीवर ठिबकलेल्या पाण्यावरून वृद्ध भाविक घसरतात. घरी परतल्यावर तो साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. ओला गुंडाळून ठेवल्यास आतील थर सुटतो व पुढील वर्षी तो निरुपयोगी होतो.

देणगीदारांस विनंती

यात्राकाळात अनेक सेवाभावी मंडळी पातळ प्लास्टिकचे कागद वाटतात. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु असा कागद एका दिवसात फाटतो आणि घाटातील झुडपांना लोंबकळत राहतो. भीमाशंकरचे रान हे अभयारण्य असून ते शेकरूचे निवासस्थान आहे. शंभर कागद वाटण्याऐवजी दहा टिकाऊ पोंचो दिले आणि परतीच्या वेळी ते जमा करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था लावली, तर तेच दान अनेक वर्षे उपयोगी पडेल. जे आपले इरले परत आणतात, त्यांच्या हातून रानाचीही सेवा घडते.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध लागला नाही. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मदतीसाठी धावलेल्यांना भर पावसात, निसरड्या पायवाटेने चढून जावे लागले व मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. या डोंगरात अडचणीत सापडलेल्याला मदत किती कष्टाने व किती उशिरा पोहोचते, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

म्हणून हवामान विभागाचा इशारा पाहिल्याशिवाय निघू नये. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडणाऱ्या पावसास तो विभाग मुसळधार म्हणतो आणि २०४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पावसास अत्यंत मुसळधार म्हणतो. नारंगी इशारा असता घाटवाट टाळावी. तांबडा इशारा असता घरातूनच हात जोडावेत. सलग काही दिवस पाऊस झाल्यावर उघडीप दिसली, तरी डोंगर आतून भिजलेलाच असतो, हेही ध्यानात ठेवावे. पोंचो कितीही उत्तम असला तरी तो पावसाचे पाणी अडवितो, दरड अडवीत नाही.

दर्शन एका सोमवारी हुकले तर पुढचा सोमवार येतो, एक चतुर्थी चुकली तर पुढची येते. देव आपल्या जागी आहे आणि आपली वाट पाहणारी माणसे घरी आहेत. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न होवो आणि सर्वजण सुखरूप परतोत, हीच प्रार्थना.