‘लक्ष दे’ म्हटल्यानं लक्ष लागतं का?

"बाई, पोरगा हुशार आहे हो, पण त्याचं लक्षच लागत नाही." पालकसभेत हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक सापडणं अवघड. वर्गात आपणही दिवसातून कितीतरी वेळा "लक्ष द्या रे" म्हणतो. पण लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलाला कोणी शिकवलेलं असतं का?

एक साधं उदाहरण घेऊ. चौथीतला मुलगा ४७ गुणिले ६ करतोय. सहा साते बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. हे चार त्यानं डोक्यात धरलेत. तेवढ्यात आपण म्हणतो, "अरे, समास आखलास का?" तो वर बघतो, वही चाळतो, पुन्हा गणिताकडे येतो. सहा चोक चोवीस. उत्तर लिहितो २४२. आपण म्हणतो, याला गुणाकार येत नाही. खरं तर गुणाकार येत होता, फक्त हातचा निसटला. मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरता येतात. मध्येच कोणी बोललं की त्यातली एखादी गळून पडते.

याच विषयावरचा एक जुना अनुभव शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथं साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या मापाच्या खोबणीत बसवत होती. झाले की बाहेर काढायची, पुन्हा बसवायची. मॉन्टेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. नंतर तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं साधन मांडीवर घेतलं आणि काम चालूच ठेवलं! चाळीसहून अधिक वेळा तेच काम केल्यावर ती आपणहून थांबली, आणि दमलेली नव्हे तर ताजीतवानी दिसत होती. तिला कोणीही "लक्ष दे" म्हटलं नव्हतं. काम तिच्या हाताला पेलणारं होतं आणि चूक झाली तर दट्टा बसत नसल्यानं ती तिची तिलाच कळत होती.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत या विचारावर काम केलं. पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी परिसरातल्या साध्या वस्तूंमधून बालशिक्षण उभं केलं. म्हणजे महागडी साधनं नाहीत म्हणून हे जमणार नाही, असं काही नाही.

मग वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. रोज दहा मिनिटं अखंड कामाची ठेवा. त्या वेळात आपणही सूचना द्यायची नाही. वहीतली चूक दिसली तरी दहा मिनिटांनी सांगायची.

२. एका वेळी एकच सूचना द्या. "वही काढ, तारीख लिही, पान २० उघड" हे एका दमात सांगितलं की लहान मुलांना शेवटचंच आठवतं.

३. परिपाठानंतर एक मिनिट डोळे मिटून बाहेरचे आवाज ऐकायला सांगा. किती आवाज ऐकले, हे मुलं आवडीनं सांगतात.

४. लक्ष भटकलं तर रागावू नका. वाचत असलेल्या ओळीवर हळूच बोट ठेवा. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८९० सालीच म्हटलं होतं, की भटकलेलं लक्ष पुन्हा पुन्हा परत आणता येणं हा विवेकाचा आणि चारित्र्याचा पाया आहे. भटकणं मोठ्यांचंही होतं. शिकायचं असतं ते परत येणं.

५. पालकांनो, मूल अभ्यासाला बसलं की दर पाच मिनिटांनी "दूध घेतोस का? झालं का?" विचारू नका. टीव्ही बंद ठेवा आणि आपला मोबाईलही बाजूला ठेवा.

एवढं करूनही एखाद्या मुलाचं लक्ष सतत उडत असेल, तर त्याला ‘चंचल’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी त्याची नजर आणि ऐकणं तपासून घ्या, झोप पुरेशी होते का ते बघा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला. फळा नीट दिसत नसलेलं मूलही आपल्याला दुर्लक्ष करणारंच वाटतं.

उद्या एखादं मूल चित्रात, गणितात किंवा मातीच्या बैलात बुडालेलं दिसलं, तर आपली सूचना पाच मिनिटं मागे ठेवून बघूया. तेवढा वेळ ते आपणहून शिकतच असतं.