समुद्राचा प्रहरी

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा जहाज कलंडले आणि त्यातील तेल समुद्रात पसरू लागले. ज्या मुळांनी किनाऱ्यावरील तिवरे श्वास घेतात, ती मुळे तेलाने माखली. नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना कोळी बांधवांवर संकट कोसळले.

तेल पाण्याहून हलके असते. पातळ तवंग होऊन ते वेगाने पसरते. वारा आणि भरती त्याला किनाऱ्याकडे लोटतात. म्हणून ते समुद्रातच अडविणे आवश्यक असते.

याच कामासाठी बांधलेले ‘समुद्र प्रहरी’ हे जहाज ९ ऑक्टोबर २०१० रोजी भारतीय तटरक्षक दलात दाखल झाले. त्याची लांबी सुमारे ९४ मीटर आहे. त्यावरून पाण्यात सोडलेले तरंगते कुंपण तवंगाला वेढा घालते. कुंपणाचा खालचा पडदा पाण्यात बुडालेला असल्यामुळे तेल सहसा निसटत नाही. मग यंत्रे ते तेल खेचून टाक्यांत भरतात.

परंतु समुद्र खवळला, की तेल लाटांबरोबर कुंपणावरून उसळून जाते. तिवरांच्या चिखलात शिरलेल्या तेलापर्यंत तर एवढे मोठे जहाज पोहोचूच शकत नाही. प्रहरी जागा असला, तरी घरच्यांनी दार उघडे टाकू नये. जहाजे हाकणाऱ्यांची दक्षता हेच समुद्राचे पहिले कुंपण होय.

प्रश्न : तेल किनाऱ्याला लागण्यापूर्वीच का अडवावे लागते?