बाप्तिस्मा झाला, पण बेडी सुटली नाही



युवकांच्या सभेत एका मुलाने विचारले, "फादर, गोरे लोक काळ्यांना पहिल्यापासूनच कमी लेखत होते, की पैशासाठी लेखू लागले?" या प्रश्नाचे बरेचसे उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या कायद्यांत सापडते.

१६१९ साली तेथे वीसहून थोडे अधिक आफ्रिकन बंदिवान आणले गेले. त्या काळी तंबाखूच्या मळ्यांवर राबणारे बहुतेक जण गरीब गोरेच होते. बोटीच्या भाड्यापोटी ते काही वर्षांच्या कराराने बांधलेले असत. काळे-गोरे एकत्र राबत आणि एकत्र पळूनही जात. १६४० मध्ये असे तिघे चाकर पकडले गेले. दोघा गोऱ्यांची चाकरी चार-चार वर्षांनी वाढली. जॉन पंच या काळ्या चाकराला मात्र जन्मभराची चाकरी मिळाली. गुन्हा एक, शिक्षा दोन.

तरीही काही वाटा खुल्या होत्या. बाप इंग्रज आहे आणि आपण बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती आहोत, असे सांगून एलिझाबेथ की या स्त्रीने १६५६ साली न्यायालयातून स्वातंत्र्य मिळवले. मळेवाल्यांनी त्या वाटा बंद केल्या. १६६२ चा कायदा म्हणाला, मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे बाप खुद्द मालक असला तरी गुलाम स्त्रीचे मूल गुलामच. १६६७ चा कायदा म्हणाला, बाप्तिस्म्याने गुलामाच्या दर्जात फरक पडणार नाही. संत पौलाने गलतीकरांना (३:२८) लिहिले होते की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. येथे नफ्यासाठी संस्कारालाच अट घातली गेली!

१६७६ मध्ये बेकनचे बंड झाले. नेता स्वतः मळेवाला होता आणि मूळ रहिवाशांवर त्याने अत्याचारच केले. पण गोरे चाकर आणि काळे गुलाम त्याच्या बाजूने एकत्र लढले आणि जेम्सटाउन ही राजधानी जळाली. गरीब एक झाले तर काय होते, हे श्रीमंतांनी पाहिले. पुढे १६९१ च्या कायद्याने काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी आली. १७०५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या गोऱ्या चाकराला मका, पैसे आणि बंदूक द्यायचे ठरले. गुलामांची गुरे, घोडे, डुकरे मात्र जप्त करायची, चर्चच्या विश्वस्तांनी ती विकायची आणि पैसा धर्मग्रामातील गरिबांना वाटायचा. एका गरिबाचे हिसकावून दुसऱ्या गरिबाला दान, आणि तेही चर्चच्या हातून!

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ साली दाखवून दिले की गोऱ्या कामगाराला मजुरी कमीच मिळे, पण आपण काळ्यांपेक्षा वरचे, हा मान त्याला जणू जादा पगार म्हणून मिळे. त्या मानापायी तो आपल्याच वर्गातील भावापासून दुरावला. लाभ झाला मालकाचा.

ते चर्च अँग्लिकन होते, असे म्हणून आपण सुटत नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम १,१५,००० डॉलरला लुईझियानातील मळेवाल्यांना विकले. त्यातील काही रक्कम जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेली. विकले गेलेल्यांपैकी अनेक जण कॅथलिक होते. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. येशूसंघाने त्या लोकांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमा मागितली ती २०१७ साली.

तर त्या मुलाला मी काय सांगितले? परक्याबद्दलचा तिरस्कार जुनाच आहे. पण त्याला कायद्याचे आणि हिशेबाचे बळ मिळाले, ते फुकट श्रम हवे होते म्हणून. माणसाला आधी स्वस्त केले, आणि मग तो स्वस्तच आहे, असे स्वतःला पटवले. जे माणसांनी कलमा-कलमाने घडवले, ते माणसांना मोडता येते. मात्र नुसते मन बदलून भागत नाही. मजुरी, कायदा आणि हिशेबही बदलावे लागतात.

चिंतनासाठी:
१. ज्यांचे श्रम आपण कमी पैशांत घेतो, त्यांच्याविषयी घरात आपण कोणत्या शब्दांत बोलतो?
२. "आपण त्यांच्यापेक्षा बरे" या समाधानाची किंमत कोण मोजतो?
३. मिस्सामध्ये शेजारी बसणारा घरी आला, तर त्याला कुठे बसवतो?

प्रभूमध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू