ऑफिस सुटल्यावर लिहिणारी सिग्रिड

"काय लिहायचं ते आत्ताच लिहून घे, जॉब लागला की सगळं बंद!" आमच्या प्रत्येक सीनिअरचं हे पेटंट वाक्य आहे. म्हणून मित्रांनो, या वेळी मी अशा एका लेखिकेबद्दल लिहिते आहे, जिने इंजिनिअरिंग कंपनीच्या ऑफिसात 10 वर्षं सेक्रेटरीची नोकरी केली आणि पुढे साहित्याचं नोबेल मिळवलं.

सिग्रिड उंडसेटचा जन्म 1882 चा, डेन्मार्कमधला. पण ती वाढली नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लोत. वडील पुरातत्त्वज्ञ, त्यामुळे इतिहासाचं वेड घरातूनच आलेलं. ती 11 वर्षांची असताना ते वारले आणि घरची ओढाताण सुरू झाली. 16 व्या वर्षी ती नोकरीला लागली. दिवसा ऑफिस, रात्री लिखाण. अशी कित्येक वर्षं खपून तिने मध्ययुगीन डेन्मार्कवर एक कादंबरी लिहिली. प्रकाशकाने ती परत केलीच, वर सल्लाही दिला की ऐतिहासिक कादंबरीच्या भानगडीत पडू नका, आजच्या काळावर लिहा!

तिने ऐकलं. 1907 मध्ये नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या बाईची कादंबरी आली आणि नॉर्वेत खळबळ उडाली. ऑफिसात जाणाऱ्या, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुली तिच्या त्या काळातल्या पुस्तकांत दिसतात. मला तर वाटतं, नोकरीची ती वर्षं म्हणजे तिचं फील्डवर्कच होतं. 1909 मध्ये स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा कुठे नोकरी सुटली.

पण मध्ययुग काही डोक्यातून गेलं नव्हतं. लग्न मोडकळीला आलेलं, मुलं लहान, त्यात मुलगी मतिमंद. अशा अवस्थेत लिलहॅमरच्या घरी तिने 1920 ते 22 या काळात 'क्रिस्टिन लाव्हरान्सदातर'चे तीन भाग लिहिले. चौदाव्या शतकातल्या एका जमीनदाराच्या मुलीची ही गोष्ट. क्रिस्टिन वडिलांनी ठरवलेलं लग्न मोडते, मनासारखा नवरा मिळवते आणि मग त्याचा विस्कटलेला संसार आयुष्यभर सावरत बसते. तलवारबाजी फार नाही. बाळंतपणं, गुरंढोरं, वडिलांना दुखावल्याची टोचणी, नवऱ्यावरचा राग आणि तरीही प्रेम, हेच सगळं. वडील-मुलीचे प्रसंग वाचताना माझा घसा दाटून आला.

1928 चं नोबेल तिला मिळालं ते मुख्यतः मध्ययुगाच्या चित्रणासाठीच. प्रकाशकाला काय वाटलं असेल! बक्षिसाची रक्कम तिने देऊन टाकली. त्यातला मोठा वाटा मतिमंद मुलांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी होता. पदकही 1940 मध्ये फिनलंडच्या युद्धग्रस्तांसाठी दिलं. त्याच वर्षी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला, मोठा मुलगा लढाईत मारला गेला. नाझींविरुद्ध उघडपणे लिहिलेलं असल्यामुळे तिला पळावं लागलं. स्वीडन, रशिया, जपान करत ती अमेरिकेला पोचली. 1945 ला परतली आणि 1949 ला लिलहॅमरलाच गेली.

वाचायचं असेल तर टीना नननलीचं इंग्रजी भाषांतर घ्या. जुन्या भाषांतरातलं मुद्दाम पुरातन केलेलं इंग्रजी माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलाही झेपलं नाही. आणि हो, हजारावर पानं आहेत, सबमिशनच्या आठवड्यात हात लावू नका!